दोन डब्यांतला भरडा

काजमावशी भित्री होती, आणि हे तिला स्वतःलाच सगळ्यांत आधी मान्य होतं. कपड्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तिने शर्टांना काजं पाडली, म्हणून हे नाव. मशीनची सुई बोटाच्या नखाजवळून धडधडत जायची, त्याचं तिला काही वाटत नसे. पण लिफ्ट, फोनची घंटा, दारावरची अनोळखी थाप, कशालाही ती घाबरायची. कोंबडीचं तर नावच नको. सहा वर्षांची असताना एका कोंबड्याने तिच्या भुवईवर चोच मारली होती. डोळा थोडक्यात वाचला होता.

तरी नवऱ्याने परसात नऊ कोंबड्या आणल्याच. तो पाट्या रंगवणारा. हात थकला, कामं कमी झाली, तेव्हा त्याला काहीतरी चाळा हवा होता. "तू मागच्या दाराबाहेर पाऊल टाकू नकोस, झालं," तो म्हणाला. चार वर्षं तसंच चाललं. तो अंडी आणून ओट्यावर ठेवायचा, ती उकडायची. परसातल्या पत्र्याच्या खोपटात फळीवर चार डबे होते, चारही सारखे. साऱ्या बाजारपेठेच्या पाट्या रंगवणाऱ्या माणसाने स्वतःच्या डब्यांवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. "मला ठाऊक आहे की," एवढंच त्याचं म्हणणं.

मग एका सकाळी त्याच्या हातातला ब्रश गळून पडला आणि पाठोपाठ तोही. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली.

दोन दिवस ती दवाखान्यात बसून होती. शेजारी एक बस कंडक्टर बाई राहायची, आवाज असा की अख्खी गल्ली तिला कंडक्टरीण म्हणे. त्या दोन दिवसांत तिनेच घरचे तांदूळ टाकून कोंबड्यांना सांभाळलं. तिसऱ्या दिवशी तिची ड्यूटी लागली आणि परसात नुसता कालवा सुरू झाला. काजमावशी दाराआड उभी राहिली. अर्धा तास उभी राहिली. मग तिने छत्री उघडली, ढालीसारखी पुढे धरली आणि बाहेर पडली.

फळीवरचा पहिला डबा उघडला. आत भरडा, जाडसर पिठासारखं कोंबड्यांचं खाद्य. तिने डोळे मिटून मूठ-मूठ जमिनीवर फेकला आणि पळत घरात येऊन कडी लावली. खिडकीतून पाहिलं तर कोंबड्या पायांनी उकरत होत्या. अर्धा भरडा चिखलात गेला होता, थोडा वाऱ्यावर. पण खात होत्या. दुसऱ्या दिवशीही तिने तसंच केलं, शिवाय काठीने खुराड्यातली चार अंडी बाहेर ढकलली. एकही फुटलं नाही. आभार म्हणून ती तिने कंडक्टरिणीकडे पोचती केली.

तिसऱ्या सकाळी भिंतीच्या कडेला तीन उंदीर मरून पडलेले दिसले.

"लागू पडलं वाटतं औषध!" कंडक्टरीण भिंतीवरून म्हणाली. "काकांनी पडायच्या आदल्या दिवशीच आणलं होतं ना. इतकं खाद्य सांडतं, उंदीर झालेत म्हणाले. भरड्यात कालवून थोडं बिळांत टाकलं, उरलेलं ठेवलंय डब्यात."

"कुठल्या डब्यात?"

"ते नाही सांगितलं बाई."

काजमावशी खोपटात धावली, छत्री कुठे पडली हेही कळलं नाही. पहिल्या डब्यात भरडा. दुसऱ्यात पिलांना घालायचा बारीक चुरा, तिसऱ्यात दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या. चौथ्यात पुन्हा भरडा. दोन्हींचा रंग सारखा, वास सारखा.

"काकू, काय झालं?" कंडक्टरिणीने विचारलं.

"अंडी खाल्लीत?"

"मी नाही. माझ्या छोटीने खाल्ली, दोन. का हो?"

काजमावशीने डब्याचं सगळं सांगितलं. कंडक्टरिणीचा चेहरा पांढराफटक पडला. तिचा तो मोठा आवाज एकदम खाली आला. "पण कोंबड्या तर हिंडताहेत."

"ते औषध लगेच मारत नाही ना?"

"चार-पाच दिवस लागतात म्हणे."

कंडक्टरीण लेकीला उचलून डॉक्टरांकडे निघाली. "डॉक्टर पहिलं हेच विचारतील, की तिच्या पोटात नक्की गेलं काय," ती जाता जाता म्हणाली. "काकांना विचारा. कसंही करून विचारा."

काजमावशीने दोन्ही भरड्यांच्या पुड्या बांधल्या. पहिल्या डब्याच्या पुडीला पांढरा दोरा, चौथ्याच्या पुडीला काळा. दवाखान्यात ती नेहमी जिना चढायची. त्या दिवशी लिफ्टमध्ये शिरली आणि तिसरा मजला येईपर्यंत तिने श्वास घेतला नाही.

नवरा उशांना टेकून बसला होता. तिने पुड्या उघडल्या. "अहो, उंदराचं औषध यात आहे?"

त्याने मान हलवली. हो.

"का यात?"

हो.

तिने पुड्यांची अदलाबदल करून विचारलं. पुन्हा हो, पुन्हा हो. नर्स म्हणाली, "मावशी, ते सध्या सगळ्याला हो म्हणतात. सकाळी मी विचारलं, तुम्ही बाई आहात का, तरी हो."

एरवी तिला हसू आलं असतं. ती पुड्यांकडे बघत राहिली. शब्द त्याच्यापर्यंत पोचत नव्हते. पण डोळे तर त्याचे होते, तेच, अक्षर केसभर वाकडं गेलेलं टिपणारे. स्वतः कालवलेलं ते ओळखतील.

तिने पांढऱ्या दोऱ्याच्या पुडीतून चिमूट उचलली आणि तोंडाकडे नेली. थोडा भरडा साडीवर सांडला. तिने चिमूट ओठांशी धरून ठेवली. तो नुसता बघत राहिला. हिला काय वेड लागलंय, असा.

त्याला समजतंय, की काहीच समजत नाही? हे तिला त्या वेळी उंदराच्या औषधापेक्षा भयंकर वाटलं.

तिने काळ्या दोऱ्याच्या पुडीतली चिमूट उचलली. हात हनुवटीपर्यंत आला असेल नसेल, त्याने डावा हात असा फटकन मारला की पुडी उडाली, भरडा जमिनीवर पसरला, पाण्याचा पेला पडला. घशातून एक ओरड निघाली, शब्द नसलेली.

"अहो, हे काय चाललंय!" नर्स धावत आली.

काजमावशी खाली बसली होती. ओल्या फडक्याने जमीन पुसत होती आणि हमसून हमसून रडत होती. चौथा डबा. कोंबड्यांना घालताना चौथ्याला तिने हातही लावला नव्हता.

तिने हात तीन वेळा साबणाने धुतले आणि कंडक्टरिणीला फोन लावला. छोटीला डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं होतं, फक्त लक्ष ठेवा म्हणून सांगितलं होतं. तरी पुढचे दहा दिवस दोन्ही घरांत कुणाला धड झोप नव्हती. काजमावशी दिवसातून वीसदा कोंबड्या मोजायची. सहाव्या दिवशी एक पिसं फुगवून कोपऱ्यात बसली. काजमावशीने लगेच जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते हसले. "खुडूक झालीय हो. अंडी उबवायला बसलीय, दुसरं काही नाही." चौथा डबा त्यांनीच घट्ट बंद करून नेला.

जाताना ते म्हणाले, "भरडा असा जमिनीवर फेकू नका. निम्मा वाया जातो, आणि निम्म्यावर उंदीर पोसता. अंड्यावरच्या कोंबड्यांना गोळ्या द्या, एकेक टिपून खातात. भांडं त्यांच्या पाठीच्या उंचीवर टांगा, गळ्यापर्यंत भरू नका, एक तृतीयांश पुरे. संध्याकाळी उचलून घ्या. उंदरांना काही उरलंच नाही, तर औषध लागतंय कशाला?"

तिने शब्द न् शब्द पाळला. नवऱ्याचा जुना रंगाचा डबा नको, कोण जाणे आत काय असेल, म्हणून नवं भांडं आणून टांगलं. अंड्याचं कवच घट्ट व्हावं म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. भाजीची देठं रोजची रोज, बुरशी दिसली की सरळ खड्ड्यात. महिन्याभरात खाद्य जवळजवळ निम्मंच लागू लागलं आणि उंदीर दिसेनासे झाले. चोचीची भीती मात्र गेली नाही. भांडं टांगताना ती अजून कारखान्यातले जाड हातमोजे घालते.

छोटी ठणठणीत आहे. नवरा सहा आठवड्यांनी घरी आला. पुढे हळूहळू अर्धे शब्द येऊ लागले. आता तो मागच्या दारात खुर्ची टाकून बसतो आणि तिच्या कामात चुका काढतो.

"भर... भरडा," तो परवा म्हणाला. "बरा."

"गोळ्या," ती म्हणाली.

"भरडा!"

"ह्या घरात भरडा येणार नाही," काजमावशी म्हणाली, आणि कोंबड्या मोजायला लागली.