चिडका दोन

आमच्या चाकणच्या कंपनीत डिस्पॅचला एक कारकून आहेत, ते ईमेलमध्ये कुणाचाही पत्ता नावाने ठेवत नाहीत. "नाव इसरतं राव, गुण न्हाई," म्हणतात. 'उद्या देतो एक' ते 'उद्या देतो सात' असे सात सप्लायर त्यांच्या यादीत मी स्वतः मोजले आहेत.

सोमवारी त्यांनी बारा साहेबांना एकच मेल पाठवला आणि प्रत्येकाला सगळ्यांची टोपणनावं दिसली. मोठे साहेब तरातरा खाली आले. यांची नोकरी गेली, असंच मला वाटलं.

"चिडका दोन म्हणजे मी?"

"व्हय साहेब."

साहेबांनी टेबलावर हात आपटला. "मग एक नंबर कोण?"

कारकुनांनी स्क्रीन वळवली. साहेबांनी कंपनीच्या मालकांचा पत्ता वाचला, "हे मात्र बरोबर आहे," म्हणाले आणि जिना चढून गेले.