मोतीबिंदू पिकायची वाट

"हा मोतीबिंदू नाही. ग्लॉकोमा आहे. डावा डोळा गेला, उजवा वाचवायचा प्रयत्न करू."

नागपूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी एवढं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मी स्टुलावरून उठलोच नाही.

ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू. डोळ्यात पाण्याचा दाब वाढतो आणि आतली नस मरते. मोतीबिंदू काढला की पुन्हा दिसतं. काचबिंदूत गेलं ते गेलं. हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं, तेही असं.

मी गोळीबार चौकातला विणकर. लुगडी विणायची, इतवारीच्या बाजारात नेऊन द्यायची, यातच जन्म गेला. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी देवापुढच्या दिव्याभोवती मला रंगीत कडं दिसायला लागलं. कपाळ ठणकायचं, पण कडं मोठं देखणं! बायकोला, यशोदेला, सांगितलं तर तिनं हातच जोडले. "देवानं तुमाले दर्शन देल्लं जी!" मीही मूर्ख, फुगलो. मोहल्लाभर सांगत फिरलो. तुमच्यापैकी कोणाला असं कडं दिसत असेल तर पाया नंतर पडा, आधी डोळे दाखवा.

मग मागावर डावीकडून येणारा, आडवं सूत नेणारा धोटा दिसेना. ताण्याची उभी तार तुटली तरी कळेना. माझ्या आईचा मोतीबिंदू पिकल्यावर काढला होता. आमच्याकडे साऱ्यांचं तेच, पिकू द्या, मग काढा. म्हणून मी पिकायची वाट पाहत बसलो. ज्यानं दर्शन दिलं तो डोळे कशाला नेईल, असं मला वाटायचं.

शेवटी दवाखान्यात गेलो, तिथं उताणं निजवलं, डोळा बधिर करणारे थेंब टाकले आणि बुबुळावर छोटंसं यंत्र टेकवून दाब मोजला. दुखत नाही, घाबरू नका. दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यासमोर बसवलं. डॉक्टर पांढरी टाचणी फिरवायचे, दिसली की "हो" म्हणायचं. कितीतरी वेळ मी गप्पच होतो. मागे बाकावर यशोदा तोंडाला पदर लावून रडत होती. तिला टाचणी दिसत होती.

"उजवा किती वर्षं टिकेल?" मी स्टुलावर बसूनच डॉक्टरांना विचारलं.

"सांगता येत नाही. पायलोकार्पिनचे थेंब रोज चार वेळा, जन्मभर."

हे थेंब दाब उतरवतात, नजर परत आणत नाहीत. टाकले की भुवई ठणकते आणि बराच वेळ सारं अंधुक दिसतं.

घरी आल्यावर यशोदा म्हणाली, "देव पाहून घेईन सारं."

माझं डोकंच फिरलं. "काय पायते तुया देव? दोन वर्षं पाहूनच राहिला होता ना!"

 आठ दिवस मी मागाकडे फिरकलो नाही, देवापुढे हात जोडले नाहीत. खायचं काय, पुढं करायचं काय, काही सुचत नव्हतं. मरण आलं तर बरं, असंच वाटायचं.

नवव्या दिवशी ती मागावर जाऊन बसली. आमच्या घरात बाया धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरतात, मागावर बसत नाहीत. माझी आई कधी बसली नाही.

"तिथं काहून बसली वं?" मी खेकसलो.

"शिकवा मले. उजवा हाय तोवर."

शिकवतोय. ती चुकते, तारा तोडते, मी ओरडतो, ती डोळे पुसून पुन्हा बसते. तिचा काठ अजून वाकडाच येतो. माझी उमेद काही परत आलेली नाही. सकाळी उठलो की आधी उजवा डोळा उघडून बघतो, कालच्याइतकं दिसतंय का. देवाशी धरलेला अबोला सोडलाय. पण डोळे दे, असं आता म्हणत नाही. एवढंच म्हणतो, बाबा, तिचा काठ सरळ येईपर्यंत थांब.