काशिनाथ गुरुजींची एक चूल

ओळख झाली की माणसं आडनाव विचारतात. काशिनाथ गुरुजींनी मला विचारलं, "भाजी कोणती आवडते?" मी म्हणालो, "आम्ही बौद्ध. हे आधी ऐका, मग भाजी काढा." ते हसले. "अरे सखाराम, वांगं चालतं का तेवढं सांग."

अंबडला नवे कारखाने निघत होते, मी एकात कामाला होतो. गुरुजींनी नाशिकच्या कडेला सोसायटी काढलेली. सात घरं, त्यातलं एक आम्हाला दिलं; कुंपण नाही, दारावर आडनाव नाही, चूल एकच. प्रत्येक घरानं एकेक वार रांधायचं. माणसं शिकलेली, आणीबाणीत तुरुंग बघून आलेली, समतेवर तासभर बोलणारी. गुरुजी म्हणायचे, "भाषण झालं? आता ताटं घासा." एकाचाही नकार असला तर ते ठराव होऊ देत नसत. "शेजाऱ्याला हरवून त्याच्या शेजारी राहायचं कसं?"

माझ्या बायकोचा, पारूचा, वार गुरुवार. हळूहळू सगळ्यांना गुरुवारचे उपास लागले. देव न मानणारी माणसं ही! गुरुजींनी तिला मंगळवार दिला, तर उपासही मंगळवारी सरकले. पारू म्हणाली, "गुरुजी, आता कोणता वार शोधता? राहू द्या."

मग बँकेतल्या अरविंदरावांनी बैठकीत विषय काढला. "घरोघरी गॅस आलाय. एकत्र चूल कशाला? वहिनींचाही त्रास वाचेल."

"तिला रांधायचा त्रास नाही," मी म्हणालो.

सगळ्यांचे हात वर गेले. शेवटी गुरुजींचाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सखाराम, कर हात वर. थकलो मी."

"नियम तुमचाच ना, गुरुजी? माझा नकार."

ठराव पडला. नियमानं चूल राहिली. दुसऱ्या दिवसापासून जेवायला कोणी आलं नाही. सगळ्यांनी जेवायच्या लांबलचक पडवीत गुरुजी, पारू आणि मी, तिघंच बसायचो. ते खाली बघून जेवायचे. ताटं घासा म्हणायला कोणी उरलं नव्हतं. पुढे गुरुजींचं जेवणच तुटलं, आणि थंडीत ते गेले.

शोकसभा तिथंच झाली. "गुरुजींनी आपल्याला एकत्र राहायला शिकवलं," म्हणताना अरविंदरावांना रडू फुटलं. खोटं नव्हतं ते, मी बघत होतो. पारूनं सगळ्यांपुरता चहा टाकला.

"नको वहिनी, उशीर झाला," म्हणत जो तो आपापल्या घरी गेला. पातेलंभर चहा आम्ही दोघांनी मोरीत ओतला.