मालगाडीचा गार्ड

लंडनजवळच्या वॉटफर्ड स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर ते म्हातारे गृहस्थ रोज सकाळी दिसायचे. मालगाडी आली की बाकावरून उठायचे, शेवटच्या डब्याला हात करायचे आणि पुन्हा बसायचे.

एकदा मी फोनवर डॉक्युमेंटरी बघत होतो. मंदीच्या दिवसांत घर सोडून मालगाड्यांवर चढणाऱ्या अमेरिकन पोरांची. ते गृहस्थ माझ्या खांद्यावरून इतके वाकले की माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "काका, जरा सरका ना."

ते सरकले. मग दोघंही चमकलो.

"लहानपणी भुसावळला मीही असाच घरातून पळून निघालो होतो," ते म्हणाले. "मालगाडी हळू झाली, पण चढायचा धीर होईना. शेवटचा डबा आला. आता चढायचंच, तेवढ्यात त्यातल्या गार्डने मला टाटा केला. त्याला वाटलं, मी रोजच्यासारखा हात करायलाच आलोय. मग काय, मीही टाटा केला आणि मुकाट घरी गेलो."

मला हसू आलं. तेवढ्यात समोरून मालगाडी धडधडत गेली. काकांनी उठून शेवटच्या डब्याला हात केला.

"इथल्या मालगाडीला मागे गार्डच नसतो रे," हात खाली घेत ते म्हणाले. "नाहीतर मी कधीच भुसावळला घरी गेलो असतो."