केडगावात भरती

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्राच्या इतक्या जवळ असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. सर कॉलेजात प्राणिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते, मी नुकताच बी.एस्सी. होऊन हायस्कुलात लागलो होतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नगरजवळच्या केडगावात एका मावशींच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. माझं गाव अकोले तालुक्यातल्या डोंगरात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी अजूनही कुणी न विचारता सांगतो. पण केडगावात माझ्या पदवीची चौकशी कुणी केली नाही. चौकशी असायची ती 'समुद्रवाल्या सरां'ची.

त्यांचं घड्याळ चंद्रावर चाले. संध्याकाळी ओट्यावर बसून, ज्वारीच्या काढलेल्या रानांवरून वारा यायला लागला की ते डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आता पाणी चढतंय." ओहोटीच्या वेळी ते कुणाशी नीट बोलत नसत. एकदा चहाच्या हॉटेलात, उद्या पाचला मोठी भरती आहे, असं ते सहज बोलून गेले. दुसऱ्या दिवशी पाचला दोन पोरं दाढी करून, धुतलेले शर्ट घालून ओट्यासमोर हजर. नगर पडलं लष्कराचं गाव, इथे भरती एकाच प्रकारची. सरांनी त्यांना परत पाठवलं नाही. ओट्यावर बसवून तासभर समुद्र ऐकवला. त्यातला एक पुढेही येत राहिला.

शर्टाच्या खिशात पेनाऐवजी साळिंदराचं कवच असे. पहिल्यांदा त्यांनी हा शब्द काढला तेव्हा मी म्हणालो, आमच्याकडे फार आहेत, भुईमूग उकरून खातात. सर म्हणाले, हे समुद्रातलं, लिंबाएवढं, अंगभर काटे, खडकाला धरून बसणारं, तारामाशाचं भावंड. मेल्यावर काटे गळतात आणि उरते ती नक्षीची डबी. एस.टी.त तिकिटाबरोबर ते कंडक्टरला ही डबी दाखवत आणि सांगत, कारखान्यांचं तांबं, शिसं, जस्त पाण्यातून समुद्रात गेलं की माणसाच्या आधी याला कळतं. अंगात साठतं, अंडी धड वाढत नाहीत, काटे झुकतात. "इथे नगरात समुद्र कुठाय?" असं कुणी म्हटलं की त्यांचं उत्तर तयार असे. "सीनेचं पाणी भीमेत, भीमेचं कृष्णेत, कृष्णेचं समुद्रात. तुम्ही भांडं विसळलंत, ते त्याच्या घरी पोचलं."

एकदा सुट्टीत ते कोकणात गेले आणि लोणच्याच्या दोन बरण्यांत समुद्राचं पाणी आणि जिवंत साळिंदरं घेऊन एस.टी.नं परत आले. ती बघायला प्राचार्य दुसऱ्या दिवशी सकाळी घरी येणार होते. त्यांना पटलं तर सरांना किनाऱ्यावर राहून काम करायला वर्षाची रजा मिळणार होती. माणूस त्या दिवशी जमिनीवर नव्हता. भात खाताना मध्येच थांबून हसत होता.

सकाळी सर प्राचार्यांना आणायला गेले आणि मी शाळेच्या तयारीत होतो, तेव्हा मावशींनी तांब्याचं घंगाळ आतून चिंचेनं लखलखीत घासून ठेवल्याचं दिसलं. त्यात बरण्यांतलं समुद्राचं पाणी होतं आणि पाण्यात साळिंदरं. पाहुण्यासारखी दूरची जनावरं बरणीत दाटीनं बसलीत हे त्यांना आदल्या संध्याकाळीच बघवलं नव्हतं. "आवं, जीव गुदमरत हुता त्यांचा," त्या मला म्हणाल्या. "तांब्याच्या पान्यात ठिवली. देवालाबी मी तांब्यातच ठिवते."

सगळे काटे झुकले होते. काही गळून तळाशी पडले होते. पाण्याला हलकी हिरवी झाक होती.

सर आणि प्राचार्य आले. सरांनी घंगाळ पाहिलं, आणि मी त्यांचा चेहरा पाहिला. आयुष्यभर जे सांगत आले ते समोर मांडून ठेवलं होतं. नुसतं बोट दाखवायचं होतं. पण दारात मावशी चहाच्या कपबश्या घेऊन उभ्या होत्या.

"सर, माझ्या हातून काय चुकलं का?"

"नाही मावशी," सर म्हणाले. "एस.टी.चे धक्के सोसले नाहीत त्यांना."

प्राचार्यांनी चहा घेतला. इतक्या नाजूक जनावरांपायी वर्ष कशाला घालवता, असं आपुलकीनं म्हणाले आणि गेले. रजेचा विषय तिथेच मिटला.

संध्याकाळी ओट्यावर मी न राहवून म्हणालो, सर, पुरावा समोर होता. ते मावशींनी दिलेल्या तांब्यातलं पाणी पीत होते.

"मला मिळाला ना," ते म्हणाले. "मावशींना कशाला?" आणि चंद्राकडे बघत राहिले.

पुढे त्यांची बदली झाली, तीही आणखी पूर्वेला, समुद्रापासून आणखी दूर. जाताना त्या घंगाळातल्यांपैकीच एक कवच मावशींना देऊन गेले. मावशी त्यात कुंकू ठेवतात. मी केडगावाला गेलो की डबी हातात घेऊन त्या अजून एस.टी.वाल्यावर चिडतात. "मेल्यानं गाडी जरा हळू हानली असती, तर जगली असती बिचारी."

मी शास्त्राचा पदवीधर. कुणाचं चुकीचं बोलणं खपवून घेत नाही.

"व्हय मावशी," मी म्हणतो.