टीबीवाल्यांच्या घरी जेवणारी बाई

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी महाडच्या बाजारात कोथिंबीर निवडत होते. तिच्या धाकट्या भावाचा आवाज होता. "ताई, शैलाक्का गेली. पहाटे छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत..." पुढचं काही मला ऐकू आलं नाही. भाजीवालीने हाताला धरून मला तिच्या पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि कोण गेलं ते विचारलं. मी नाव सांगितलं. "म्हंजे त्या पोलादपूरच्या कॉलेजवाल्या बाई? टीबीवाल्यांच्या घरी जेवायच्या त्या? लागलंच म्हना शेवटी त्यांना." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण हेच वाक्य मग मला सगळीकडे भेटत राहिलं. स्मशानाबाहेर भेटलं, दहाव्याला भेटलं, आमच्या स्टाफरूममध्येसुद्धा भेटलं. शैलाला हृदयविकाराचा झटका आला. तिच्या वडिलांना आला, काकांना आला, तोच तिलाही आला. छातीचा एक्स-रे ती दर वर्षी न चुकता काढून घ्यायची आणि शेवटचाही स्वच्छ होता. पण लोकांनी तिचं मरण आधीच ठरवून ठेवलं होतं. माझं रडून झालंय आता. हे लिहायला बसलेय ते जरा भांडायला.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात. मी रसायनशास्त्र शिकवते, ती सूक्ष्मजीवशास्त्र. दोन प्रयोगशाळांच्या मध्ये एक दार होतं आणि ते कधीच बंद नसायचं, कारण माझ्याकडचं स्पिरिट पळवायला तिला ते लागायचं. पोलादपूरहून रोज एसटीने यायची, खांद्याला पिशवी, केस घट्ट बांधलेले, आणि आल्या आल्या कुणावर तरी चिडलेली. लोकांना वाटायचं, हिच्या घरी कुणी तरी रोगाने गेलं असेल, म्हणून ही अशी पेटलेली. मी एकदा विचारलं होतं. "कुणी नाही गेलं," ती म्हणाली. "राग यायला घरात मयत कशाला व्हायला हवी?" पहिल्या वर्षाच्या मुलांना ती पहिल्याच दिवशी ॲगर म्हणजे जंतू वाढवायची जेली भरलेल्या काचेच्या डिशवर बोटं टेकवायला लावायची. दोनेक दिवसांनी त्याच बोटांच्या जागी पांढरे, पिवळे ठिपके उगवलेले दाखवायची. मुली किंचाळायच्या. तेवढ्यात हिचं ठरलेलं वाक्य यायचं, "घाबरा, जरूर घाबरा. पण कुणाला, कधी आणि किती घाबरायचं ते शिकायला तुम्ही इथे आलात."

तिची खरी ओळख मला झाली ती पुरानंतर. सावित्री नदीचं पाणी उतरलं होतं, घराघरांत गुडघाभर चिखल होता, आणि आम्ही दोघी मुलांना घेऊन ब्लीचिंग पावडर वाटत हिंडत होतो. एका दुकानदाराने बादलीत ब्लीचिंग पावडर कालवून वरून संडास धुवायचं ॲसिड ओतायला बाटली उचलली होती. मी ओरडलेच. त्या दोन गोष्टी एकत्र आल्या की क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत माणूस गुदमरून जातो. तो बिचारा म्हणाला, "दोन्हीनं जंतू मरतात ना मॅडम, म्हटलं डबल मरतील." शैला शांतपणे म्हणाली, "मरतील की. तुमच्यानंतर." पुढच्या गल्लीत पांढऱ्या कपड्यांतले एक पुढारी फोटोसाठी अनवाणी चिखलात उतरले होते. तिने फोटोवाल्याला बाजूला केलं. "बाहेर या आधी. या चिखलात उंदरांचं मूत आहे. पायाला बारीकशी जखम असली तरी लेप्टोचा ताप येतो, माणूस जातो त्यात. तुम्हाला बघून उद्या ही पोरंही बूट काढतील." पुढारी बाहेर आले. तिला पुन्हा कुठल्या कार्यक्रमाला बोलावणं आलं नाही, आणि ते ती मोठ्या अभिमानाने सांगायची.

आता मनीषाचं सांगते, कारण सगळ्या बोलण्याचं मूळ तिथे आहे. मनीषा पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवाड्यातली मुलगी. शेळ्या, म्हशी, थोडी नाचणी, आणि वाड्यातून कॉलेजात आलेली ही एकटी. दुसऱ्या वर्षाला असताना ती अचानक यायची थांबली. फोन लागेना. एका रविवारी शैला मला घेऊन निघाली. डांबरी रस्ता संपल्यावर जी चढण सुरू झाली तिने माझा जीव काढला. शैला मात्र पुढे, हातात काठी घेऊन, कुणाला तरी झापायला निघाल्यासारखी. घर सापडलं. मनीषा शेळ्यांच्या गोठ्याला लागून असलेल्या एका काळोख्या खोलीत होती. खिडकी नाहीच. दाराला गोणपाट. उंबऱ्याबाहेर एक चेपलेली जर्मनची ताटली पालथी घातलेली. तिला टीबी निघाला होता. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या होत्या, आणि त्या मध्येच बंद झाल्या होत्या.

"सोडल्या का?" शैलाने दाराबाहेरूनच विचारलं.

आई पदराचं टोक पिळत म्हणाली, "काय सांगू बाय, गोळी घेतली की लघवी लाल व्हायची गो. रगत जातंय म्हनून मीच बंद केली."

हा प्रश्न माझ्या वाट्याचा होता. मी सांगितलं की तो गोळीचाच रंग आहे, औषध अंगातून बाहेर पडताना रंग घेऊन पडतं, रक्ताचा त्यात थेंब नाही. आतून मनीषाचा आवाज आला, खोकत खोकत, "मी सांगत होते मॅडम. वर्गात शिकले तेवढं सगळं सांगितलं. माझं कोन ऐकतंय?"

तिचे वडील, धाकूदादा, खांबाला टेकून उभे होते. "बाहेर बोलू नका बाय," ते म्हणाले. "डेअरीला कळलं तर दूध कोन घेल? आन पोरीचं लगीन?"

शैलाने आवाज चढवला नाही. पिशवीतले मास्क काढले, एक स्वतः लावला, एक मला दिला, एक मनीषाला दिला आणि तिला बाहेर अंगणात उन्हात बोलावलं. मग म्हणाली, "दादा, हा रोग हवेतून जातो. खोकल्यातून. ताटावाटीतून नाही. तुम्ही ताट वेगळं केलंत आणि हवा कोंडलीत. अगदी उलटं केलंत. कोयता आहे घरात?"

"कोयता? कशाला?"

"खिडकी पाडायची आहे."

भिंत म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कूड, वर शेणमातीचा लेप. तिने खरंच कोयता घेतला आणि घातला पहिला घाव. मातीचा पोपडा उडाला, कारवीला जेमतेम ओरखडा पडला. दुसरा घाव तिरका गेला. धाकूदादा बघत राहिले... आणि मग पुढे होऊन त्यांनी तिच्या हातातला कोयता काढून घेतला. "तुमच्यानं नाय व्हायचं. हात कापाल." त्यांनीच तो कूड तोडला, चार बाजूंनी नीट. खोलीत ऊन पडलं तेव्हा आतली गोधडी, गोळ्यांची पाकिटं, भिंतीला टेकवलेली कॉलेजची पुस्तकं, सगळं एकदम दिसायला लागलं. मनीषाच्या आईने तोंड फिरवून डोळे पुसले. मग भाकरी आली, लसणाची चटणी आली. उघड्यावर, वारा वाहत असताना, शैलाने ती पालथी घातलेली ताटली उचलली, धुतली आणि माझ्याकडे बघत तीत आपली भाकरी घेतली. मीही जेवले. कुणावर उपकार म्हणून नव्हे, भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी तीच मनीषाला दवाखान्यात घेऊन गेली. पुन्हा तपासणी, पुन्हा औषध, आणि अर्ध्यात सोडलं तर उरलेले जंतू किती हट्टी होतात ते आई-वडिलांना समोर बसवून डॉक्टरांकडून वदवून घेतलं. बातमी फुटायची ती फुटलीच. धाकूदादांचं दूध परत आलं. तेव्हा शैला सकाळच्या एसटीआधी डेअरीवर जाऊन उभी राहायला लागली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "मला धाकूदादांचं दूध द्या. उकळून पिणार आहे. तुमचं इतकी वर्षं उकळूनच पीत आले." आधी लोक हसले, मग वैतागले, मग कंटाळले. दूध पुन्हा जायला लागलं. त्यानंतर आसपासच्या वाड्यावस्त्यांतून कुणी औषध सोडलं की लोक तिलाच सांगत यायचे, आणि ती जायची, मास्क घालून, अंगणात बसून, तिथलंच खाऊन. मनीषा बरी झाली. एक वर्ष मागे पडली, पण बी.एस्सी. झाली. आज ती आमच्याच कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. लग्नाचं विचाराल तर तिनेच दोन स्थळं नाकारली आहेत.

शैला गेल्यानंतर कॉलेज उघडलं त्या दिवशी मधल्या दारातून मनीषाने मला हाक मारली. इनक्युबेटर, म्हणजे जंतू वाढवायची उबदार पेटी, चालूच होता. आत शैलाने जायच्या आदल्या दिवशी प्रात्यक्षिकात मुलांना दाखवायला केलेली डिश होती. तारेच्या कडीने ॲगरवर ओढलेल्या तिच्या रेघा... ती गेली त्या दिवशी तिथे काहीच दिसत नसणार. आता सगळं उगवून आलं होतं. सुरुवातीला दाट, मग विरळ, आणि शेवटी, जिथे ती हात अलगद उचलायची, तिथे सुटे, गोल, दुधी ठिपके. मुलं भोवती जमली. एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅम, ही डिश ठेवूया ना आपण. मॅडमची आठवण म्हणून."

माझा तर होकार ओठांवर आला होता. मनीषाने डिश उजेडाला धरली, मुलांना निरीक्षण लिहायला लावलं, ठिपक्यांचा रंग, कडा, आकार. सगळ्यांचं लिहून झाल्यावर तिने डिश सरळ ऑटोक्लेव्हमध्ये, दाबाखालच्या वाफेने जंतू मारायच्या भांड्यात, ठेवली, झाकणाचे स्क्रू आवळले आणि शेगडी पेटवली.

"जिवंत जंतू असे ठेवायचे नाय," ती म्हणाली. "मॅडम ओरडतील."

थोड्या वेळाने वाफ फुसफुसायला लागली. मुलं अजून तिथेच उभी, नक्की काय करावं ते न कळून. मनीषाने डोळे पुसले, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि ताज्या डिशेसचा डबा टेबलावर आणून ठेवला.

"पंखा बंद करा," ती म्हणाली. "बर्नर लावतेय. पहिली रेघ कोण ओढतंय?"