दोनच्या आधी आवाज नाही

माझा दादा बाथरूममध्ये पडला तेव्हा सकाळचे सव्वानऊ वाजले होते, आणि त्याने मदत मागितली दुपारी दोन वाजता. मधले पावणेपाच तास तो खुब्याचं हाड मोडून ओल्या फरशीवर गप्प पडून होता. शुद्ध गेली नव्हती, वाचा बसली नव्हती. खालच्याच मजल्यावर शिंपीणबाई मशीनवर बसलेली होती, आणि तिची खिडकी दादाच्या बाथरूमच्या झरोक्याच्या बरोब्बर खाली येते. एक हाक मारली असती तर ती बारा पायऱ्या चढून आली असती. पण पलीकडच्या कारखान्याचा दोनचा भोंगा झाला, तेव्हा कुठे दादाने हाताशी असलेला मग उचलून बादलीवर आपटला.

हॉस्पिटलमध्ये मी त्याला विचारलं, "हाक का नाही मारलीस?"

तो छताकडे बघत हळूच म्हणाला, "खाली तिचा माणूस रात्रपाळी करून आलेला असतो गं. झोपलेला असतो."

मी कपाळाला हात लावून खाली बसले. नर्सला वाटलं, मलाच काहीतरी होतंय. तिला काय समजावणार? हे कळायला आमच्या घरात जन्माला यावं लागतं.

आमचे बाबा बेकरीत भट्टीवर कामाला होते. रात्रभर पाव भाजायचे, सकाळी साडेसहाला घरी यायचे आणि दोन घास खाऊन सातला आतल्या खोलीत आडवे व्हायचे ते थेट दोनपर्यंत. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत आई, दादा, मी. मध्ये नुसता पडदा. म्हणून आईने नियम घातला होता, दोनच्या आधी आवाज नाही. हळू बोला, दंगा करू नका, असलं मिळमिळीत काही नाही. आवाज नाही म्हणजे नाही.

नळाला तिने सुतळी बांधली होती. पाणी तिच्यावरून निमूट ओघळत बादलीत उतरायचं. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे. ताटाखाली घडी घातलेलं फडकं. शिंक आली की उशीत तोंड. खोकला आला तर चप्पल न घालता गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पळायचं, तिथे काय ते खोकून घ्यायचं आणि परत यायचं. दाराची कडी काढून टाकलेली. त्याऐवजी दाराच्या भोकातून एक दोरी बाहेर सोडली होती आणि आतल्या टोकाला लाल चिंधी. आलेल्याने दोरी ओढायची, आत चिंधी नाचायची. आता चिंधीकडे बघत बसायला कोणीतरी हवं! ते काम दादाचं. त्याने अख्खं अंकगणित चिंधीकडे तोंड करून केलं. कधी त्याचं लक्ष नसलं तर पाहुणे दोरी ओढून ओढून निघून जायचे. आईला त्याचं काही वाईट वाटलेलं मला आठवत नाही.

बोलायचंच असेल तर स्टुलावर वही होती. "भूक लागली." "थांब." "दादाने चिमटा काढला." "रडायचं असेल तर दोननंतर." मला रोज वही लिहायची सवय लागली ती तिथूनच. लोकांना वाटतं, मी फार शिस्तीची.

प्रार्थनासुद्धा ओठांनीच. देवाला ओठ वाचता येतात, असं आईने सांगितलं होतं आणि त्यावर माझा पक्का विश्वास होता. लग्न होऊन इकडे आले तर सासूबाईंची प्रार्थना खड्या आवाजातली, रस्त्यापर्यंत जाणारी. पहिल्या सकाळी मी शेजारी बसून नुसते ओठ हलवले. त्यांनी एक डोळा उघडला. "सूनबाई, देवाशी बोलतेयस की देवाला फसवतेयस?" मला सकाळी आवाज फुटायला वर्ष लागलं.

दोन वाजले की आई डब्याचं झाकण हातभर उंचीवरून जमिनीवर टाकायची. ठण्ण! की मग घर सुटायचं. बोलणं, भांडणं, सकाळपासून साठलेलं खोकणं, सगळं एकदम.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी समजून घेतलं असतं. कष्टाचं माणूस, त्याला झोप हवी. पण बाबांना बुधवारी सुट्टी असायची. त्या दिवशी ते बाहेरच्या खोलीत आमच्यात बसलेले असायचे, टक्क जागे, आणि तेसुद्धा वहीत लिहायचे! एकदा मी त्यांच्या कानाला लागून विचारलं, "बाबा, आज आत कोण झोपलंय?" त्यांनी पडद्याकडे पाहिलं, जरा विचार केला आणि माझ्या कानात म्हणाले, "कोणी नाही. पण सवय मोडायला नको." ते निवृत्त झाले, पुढे वारले, तरी आई एकटी असताना रोज दोनला झाकण टाकायची. आणि हे सगळं काहीतरी विचित्र आहे, असं आम्हा दोघांपैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. मला आलं ते परक्या घरात आल्यावर. दादा तर त्याच वळणात राहिला.

त्यात त्याला नोकरीही देवाने अशी दिली की, देवा, तू सुद्धा ना! यंत्रमागाचा कारखाना. एका शेडमध्ये ऐंशी माग. शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून सगळा कारभार खुणांचा. धागा तुटला, दोन बोटं. धाग्याची कांडी संपली, उघडी मूठ. साहेब येतोय, मिशीवरून बोट. नव्या माणसाला हे शिकायला सहा महिने लागायचे. दादा पहिल्या दिवसापासून तयार. बत्तीस वर्षं पहिली पाळी केली, सकाळी सात ते दुपारी तीन. म्हणजे ज्या वेळी बोलायचं नाही त्याच वेळी बोलून उपयोग नाही! वहिनी म्हणायची, "सुट्टीच्या दिवशी सकाळी मला नवरा नसतो. दोननंतर येतो." ती जाऊन पाच वर्षं झाली. मूलबाळ नाही. दादा एकटाच राहतो.

ऑपरेशननंतर त्याला मी माझ्याकडे आणलं. सात आठवडे. तिसऱ्या दिवशी त्याने वॉकरच्या चारही पायांना मोजे चढवले. मग काय, मागे वळावं तर दादा उभा. आमचे हे दोनदा दचकले, एकदा हातातला चहा सांडला. "अगं, तुझा भाऊ घरात असला की घर रिकामं वाटतं आणि बाहेर गेला की तो मागे उभा आहे असं वाटतं!" वर मलाही ऐकवलं, "आणि तू काही कमी नाहीस. चाळीस वर्षांत तुझ्या हातून भांडं वाजलेलं ऐकलं नाही मी." मी लगेच पातेलं आपटून दाखवलं. पण खरं सांगायचं तर तेही जरा जपूनच.

हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, काठी घेऊन फिरा, आपल्या घरी एकटे राहा, हरकत नाही. दादाने त्याच संध्याकाळी पिशवी भरली. "चिमणे, मी आता माझ्या घरी जातो." मी साठीची झाले तरी त्याच्यासाठी चिमणी.

मी म्हटलं, "जा. पण आधी सकाळी ओरडून दाखव. ओरडलास तर तुझ्या घरी, नाहीतर कायमचा इथे." कारण परत पडला आणि परत दोनची वाट बघत राहिला तर? या वेळी हाड होतं. पुढच्या वेळी आणखी काही असलं तर पावणेपाच तास त्याला कोण देणार?

आमची शिकवणी सुरू झाली. सकाळी नऊ वाजता तो बाथरूममध्ये, मी स्वयंपाकघरात. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेवटी मीच गेले.

"ओरडलास?"

"ओरडलो की."

"काय ओरडलास?"

"चिमणे, असं म्हणालो."

"म्हणालास ना! ओरडायला सांगितलं होतं!"

यांनी शिट्टी आणून दिली. दादाने तिच्यात अशी फुंकर मारली की जणू गरम दूध निववतोय. यांनी बिनतारी बेल दाखवली, दादाने विचारलं, "आवाज कमी करायची सोय आहे का हिला?" मोबाइल आहे त्याच्याकडे, पण तो घेतल्या दिवसापासून मुका. आणि चीड आणणारी गोष्ट अशी, की दुपारी तीनला त्याला सांगितलं तर त्याने हाक मारली ती शेजारच्या घरात ऐकू गेली.

"मग आंघोळ दुपारी करत जा!"

"दुपारी कोण आंघोळ करतं?" तो म्हणाला. जणू विचित्र मीच.

आठवडाभराने तोच म्हणाला, "दोरी बांधू या." मी समजले. बाथरूमच्या झरोक्यातून खाली शिंपीणबाईच्या खिडकीपर्यंत दोरी, आणि टोकाला लाल चिंधी. पन्नास वर्षं गेली, जगात काय काय शोध लागले, आणि माझा भाऊ फिरून चिंधीपाशी!

शिंपीणबाईला विचारायला गेलो. ती दातात सुई धरून हसली. "काका, मी टाक्याकडे बघू की चिंधीकडे?" मग तिने फळीवरचा बटणांचा पत्र्याचा डबा काढला, दोरीला बांधला आणि मशीनच्या वर खिळ्याला अडकवून दिला. "आता ओढा. वाजला की मी आलेच."

दादाचा चेहरा पडला. "पण तुमच्या माणसाची झोप..."

"अहो, दिवसभर हे मशीन त्याच्या उशाशी चालतं! त्याने जो उठला नाही तो बटणांनी उठणार?"

"मशीनची सवय झालेली असते," दादा गंभीरपणे म्हणाला. "बटणांची नसते."

मी हात जोडले, देवाला की दादाला ते मलाही कळलं नाही. म्हटलं, "उद्या सकाळी अकराला. डबा वाजला तर तू इथे राहायचंस. नाही वाजला तर खाली टॅक्सी उभी असेल, पिशवीसकट माझ्याबरोबर परत. मग पुन्हा विषय नाही."

दुसऱ्या दिवशी टॅक्सी खरंच उभी केली. दादाला वर बाथरूममध्ये, स्टुलावर बसवून आले आणि खाली शिंपीणबाईच्या खोलीत जाऊन उभी राहिले. मशीनच्या मागे खाटेवर तिचा माणूस झोपला होता, तोंड उघडं, वॉचमनचा गणवेश खुंटीला. तिने मशीन थांबवलं. अकरा वाजले. मी मनातल्या मनात प्रार्थना म्हणायला लागले आणि लक्षात आलं की नुसतेच ओठ हलतायत.

दोरी हलली. म्हणजे माशी बसून उडाली तर हलेल इतकी. डबा गप्प.

पुन्हा हलली. डबा गप्प.

"काका ओढतायत की मुंगी?" शिंपीणबाई म्हणाली.

मग दोरी थांबलीच. एक मिनिट. दोन. मी तिथे उभी राहून त्याच्या खोलीचा विचार केला. वहिनीची खुर्ची, खिडकीतली त्याची जागा, चाळीस वर्षांचं ते घर. सगळं जाणार, कशासाठी? तर एका घोरणाऱ्या वॉचमनची झोपमोड होऊ नये म्हणून! संताप संताप झाला. मी पर्स उचलली, दाराकडे वळले.

आणि दोरीला असा हिसका बसला की खिळा निघाला, डबा मशीनवर आदळला, तिथून जमिनीवर, झाकण एकीकडे, डबा एकीकडे, आणि शेकडो बटणं तडतडत खोलीभर उधळली. काही खाटेखाली, काही थेट वॉचमनच्या अंगावर.

त्याने कूस बदलली. मांडी खाजवली. आणि पुन्हा घोरायला लागला.

वर सगळं शांत. मग झरोक्यातून, कानात सांगावं तसं, "चिमणे, उठले का गं ते?"

मी खिडकीतून मान बाहेर काढली आणि पोटातून ओरडले, "नाही उठले!"

अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. खालून टॅक्सीवाल्याने वर पाहिलं. मी त्यालाही ओरडूनच सांगितलं, "तुम्ही जा हो!" सासूबाई असत्या तर दोन्ही डोळे उघडले असते त्यांनी.

शिंपीणबाई आणि मी गुडघ्यांवर बसून बटणं वेचायला लागलो. थोड्या वेळाने दादा एकेक पायरी उतरत खाली आला. त्याच्या काठीला मोजा होता. त्याला वाकता येत नाही, म्हणून शिंपीणबाईने त्याला स्टुलावर बसवलं, डबा मांडीवर दिला, आणि आम्ही ओंजळी भरभरून त्याच्या हातात देत राहिलो. खाटेकडे एक डोळा ठेवून तो बटणं डब्यात भरत होता. एकेक करून, आधी बोट डब्याच्या तळाला टेकवून, मग बटण सोडत. एकही वाजू न देता.